मागं वळण्याआधीची पावलं

चहा समोर आला की मास्तर हॉटेलवाल्याला विचारायचे, “गरम हाय का?” तो म्हणायचा, “व्हय मास्तर.” मास्तर कपाला हात न लावता जरा वेळ इकडंतिकडं बघायचे आणि पुन्हा विचारायचे, “गार झाला का?” गिऱ्हाइकांच्या गडबडीत तो बिचारा पुन्हा म्हणायचा, “व्हय मास्तर.” मग मास्तर आमच्याकडं वळून मान हलवायचे. माणसाच्या ‘व्हय’वर भरवसा ठेवू नये, याचा आणखी एक पुरावा त्यांना मिळालेला असायचा. तोवर चहा खरोखरच गार झालेला असे आणि ते तो तसाच पिऊन टाकत.

आमच्या शाळेत ते पी.टी.चे मास्तर होते आणि मी खालच्या वर्गांना शिकवत होते. हिंगोली तेव्हा तालुक्याचं गाव, जिल्हा परभणी. मास्तर वाशीमकडचे, त्यामुळं बोलण्यात सारखं ‘करून राहिलो, जाऊन राहिलो’. अंगानं काटकुळे, खाकी हाफपँट, गळ्यात शिट्टी. ती शिट्टी वाजलेली मी कधी ऐकली नाही. शिट्टी वाजवली की पोरं पळतात, पण ती शिट्टीला भिऊन पळाली की पळावंसं वाटलं म्हणून, हे मग कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. हेडमास्तरांनी त्यांना एकदा विचारलं, मग गळ्यात घालता कशाला. ते म्हणाले, नसली तर लोक विचारतात.

वरच्या खिशात दाढी करायचा गोल आरसा असायचा. मास्तर मैदानाकडं पाठ करून खुर्ची टाकायचे, आरसा डोळ्यासमोर धरायचे आणि तासभर त्यात बघत बसायचे. मैदानाला लागूनच विहीर होती, तिथं बायका पाण्याला यायच्या. तेव्हा त्या आरशाबद्दल गावात काय बोललं जात असेल, ते सांगायला नको. एक-दोघींच्या नवऱ्यांनी हेडमास्तरांकडं तक्रारही नेली. मास्तरांनी शांतपणे उत्तर दिलं, की आपण माणसाकडं पाहिलं की माणूस बदलतो, पाठ केली की मगच तो खरा वागतो. या उत्तरानं नवऱ्यांचं समाधान झालं नाही. माझंही झालं नव्हतं.

संशयाच्या बाबतीत मीही काही कमी नव्हते. आमचं घर स्टेशनामागच्या बौद्ध वस्तीत. बाबा रेल्वेत गँगमन होते. कोणी शिकलेला माणूस गोड बोलत दारात आला की बाबा आधी त्याच्या हाताकडं बघायचे, कागद आहे का म्हणून. आई मी नववीत असताना गेली. घरात बाबा, मी आणि उत्तम. उत्तम माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, पण त्याची समज पाच-सहा वर्षांच्या लेकरात अडकून राहिली होती. लोक त्याला खुळा म्हणत, सरकारी कागद मतिमंद म्हणत. मी धाकटी असून तो मला ताई म्हणायचा आणि मी त्याला कधी दादा म्हणाले नाही. आता त्याची लाज वाटते.

उत्तम कशालाही व्हय म्हणायचा. पाणी आणशील का, व्हय. लाकडं फोडशील का, व्हय. अख्ख्या गल्लीचं पाणी तो भरायचा आणि गल्ली म्हणायची, उत्तमला कामाची लई हौस. आम्हीही तेच म्हणायचो. त्यात सगळ्यांचीच सोय होती.

मास्तर आमच्या वस्तीत पहिल्यांदा आले ते नसबंदीच्या दिवसांत. त्या वर्षी वही घेऊन कोणी वस्तीत शिरलं की पुरुषमाणसं मागच्या दारानं रुळांकडं पसार व्हायची. अशा वेळी हा माणूस दारोदार जाऊन विचारू लागला, तुमच्या घरी कोणी मंद बुद्धीचं हाय का, त्याला पळायची हौस हाय का. लोकांनी जो घ्यायचा तो अर्थ घेतला. सरकार आता खुळ्यांपासून सुरुवात करणार, अशी बातमी मास्तर आमच्या दाराशी येण्याआधीच आमच्याकडं पोचली. बाबांनी उत्तमला आतल्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली. मास्तर दारात उभे राहिले. मी त्यांच्याच शाळेतली बाई, रोज समोरासमोर येणारी, पण मी सरळ सांगितलं, आमच्या घरी असं कोणी नाही.

“कुनीच न्हाई का?” मास्तरांनी मोठ्यानं विचारलं.

आतून उत्तम म्हणाला, “व्हय.”

मास्तरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि प्यायला पाणी मागितलं. मी तांब्या दिला. त्यांनी तो उभ्याउभ्या रिकामा केला. त्यानं तर बाबांचा संशय आणखीच वाढला. आमच्या घरचं पाणी न पिणारे लोक त्यांना जन्मभर भेटले होते. मागून पिणाऱ्याचं काय करायचं, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

तरी उत्तम मैदानावर जाऊ लागला, कारण दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की अंग सुटत चाललंय, रोज व्यायाम पाहिजे. शाळा भरायच्या आधी मास्तर उत्तमसारख्या चार-पाच जणांना मैदानावर जमवायचे. कशासाठी, हे कोणाला माहीत नव्हतं. त्याचा पगार नव्हता, वरून हुकूम नव्हता. फुकट काही करणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी काळंबेरं असतंच, असं तेव्हा माझं पक्कं मत होतं. म्हणून पहिल्या दिवसापासून मी उत्तमबरोबर जायची आणि मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, चिंचेखाली उभी राहायची.

मास्तर चुन्यानं एक रेघ मारत. माणसाला रेघेवर उभं करत आणि ‘पाहिजे तर पळ, नको तर नको पळू’ एवढं सांगून पाठ करून बसत. आरशात बघून पावलं मोजत. किती जोरात पळाला, किती लांब गेला, याच्याशी त्यांना काही घेणं नव्हतं. मागं वळून बघण्याआधी किती पावलं टाकली, तेवढंच ते लिहीत.

“लेकरू मांगं कवा पाहते?” ते मला म्हणाले. “आपुन पाहून राहिलो का, हे पाहाले. तवरची पावलं त्याची. पुढची आपली.”

यांना पळवणारे पुष्कळ असतात, यांना पळावंसं वाटतं का हे कोणी मोजलेलं नाही, असं ते म्हणत. मला ते ऐकायला बरं वाटलं आणि म्हणूनच मी जास्त सावध झाले. त्यांच्या घरी असं कोणी होतं का, हे मी त्यांना दोन वेळा विचारलं, त्यांच्याच पद्धतीनं, एकदा सरळ आणि एकदा उलटं. दोन्ही वेळा ते न्हाई म्हणाले. दोन्ही वेळा न्हाई म्हणणाऱ्याचं काय समजायचं, हे त्यांनी कोणाला शिकवलं नव्हतं.

त्यांचं सगळ्यात मोठं भांडण झालं ते शाबासकीवरून. मैदानावर कोणीही कोणाला शाब्बास म्हणायचं नाही, असा त्यांचा नियम होता. शाब्बास म्हटलं की माप बिघडतं. एका सकाळी हेडमास्तर तिथून जात होते. जोर काढणाऱ्या एका माणसाची पाठ थोपटून ते म्हणाले, वा, शाब्बास. दुसऱ्या दिवशी तो माणूस हेडमास्तर दिसेपर्यंत नुसता बसून राहिला आणि ते दिसल्यावर हात थरथरेपर्यंत जोर काढत सुटला. मास्तर ऑफिसात गेले आणि हेडमास्तरांना म्हणाले, तुम्ही माझं तीन महिन्यांचं काम एका थापेत बुडवलं. हेडमास्तर मला नंतर म्हणाले, बाई, या माणसावर लक्ष ठेवा, चांगलं बोललेलं ज्याला सोसत नाही त्याचं काही खरं नसतं.

मी लक्ष ठेवूनच होते. पण तेव्हा माझं मलाही एक काम होतं, आणि त्यासाठी मला त्याच माणसाची सही पाहिजे होती.

सेनगावहून मला स्थळ आलं होतं. मुलगा शिक्षक, घरचं कोरडवाहू शेत, माणसं बरी. त्याच्या आईनं एकच गोष्ट विचारली, भाऊ तुझ्यासंगं येणार का. बाबांना निवृत्त व्हायला वर्ष राहिलं होतं आणि त्यांची छाती रात्रंदिवस खोकत होती. लांबच्या शहरात एका संस्थेत अशा मोठ्या माणसांना कायमचं ठेवून घेतात, असं कळलं म्हणून मी तिथला फॉर्म मागवला. तिथं कवायत आणि अंगमेहनत फार, त्यामुळं फॉर्मात एक ओळ होती: उमेदवारास व्यायामाची आवड आहे / नाही. खाली पी.टी. शिक्षकाची सही. मी उत्तमला विचारलं, तिकडं जाशील का. तो व्हय म्हणाला. मी सगळ्यांना सांगितलं, उत्तम स्वतः तयार आहे. सांगताना माझा आवाज अगदी खरा होता.

फॉर्म घेऊन मी मैदानावर गेले आणि मास्तरांना म्हटलं, ‘आहे’वर खूण करून सही द्या, तो जायला तयार आहे. मास्तरांनी उत्तमला हाक मारली.

“उत्तम, तिकडं ऱ्हायला जाशील?”

“व्हय.”

“इथंच ऱ्हाशील?”

“व्हय.”

“हिरीत उडी मारशील?”

“व्हय,” उत्तम म्हणाला आणि माझ्याकडं बघून हसला.

“आता सांगा बाई,” मास्तर म्हणाले, “कोनत्या व्हयवर सही करू?”

मला फार राग आला. हा माणूस कोणाच्या बाजूचा आहे, आपलं लग्न मोडून याला काय मिळणार आहे, असले विचार माझ्या डोक्यात आले. मास्तर म्हणाले, माप घेऊन सांगतो, एक महिना द्या. आणि एक अट घातली. महिनाभर मी मैदानावर यायचं नाही.

संशय आधीच होता, त्यात ही अट. मी हो म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी पाण्याच्या टाकीमागं लपून बसले. उत्तम रेघेवर उभा होता. मास्तर पाठ करून बसले होते. थोड्या वेळानं उत्तम पळत सुटला, सरळ टाकीच्या दिशेनं. मास्तरांनी मान न वळवता आरसा जरा तिरपा केला. त्याची तिरीप माझ्या तोंडावर आली.

“बाई, तुमी मले दिसून राहिल्या,” ते म्हणाले. “त्यालेबी दिसल्या. आजचं माप गेलं.”

मग त्यांनी मला वही दाखवली. मी चिंचेखाली उभी असायची त्या सगळ्या दिवसांत उत्तम मैदान संपेपर्यंत पळाला होता. मला ताप आला म्हणून मी घरी राहिले होते त्या चार दिवसांपुढं लिहिलं होतं: तीन, दोन, तीन, शून्य. त्याला व्यायामाची हौस नव्हती. पलीकडच्या टोकाला मी होते, म्हणून तो पळत होता. हे वाचून मला रडू आलं. पण ते त्याच्यासाठी होतं की सही हातची जाणार म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही.

मी मैदानावर जाणं खरोखर थांबवलं. पण हातावर हात ठेवून बसले नाही. दुसरा फॉर्म मागवला. आखाडा बाळापूरच्या बाजारात दुसऱ्या एका शाळेतले ओळखीचे पी.टी. शिक्षक भेटले, त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी सायकलच्या सीटवर कागद ठेवून ‘आहे’वर खूण केली आणि सही ठोकली. उत्तम कोण, कसा, हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही. पाकिटावर तिकीट चिकटवून मी ते पर्समध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टात टाकायचं होतं.

पोस्टाचा रस्ता शाळेवरूनच जात होता. मास्तर नेहमीसारखे पाठ करून खुर्चीवर बसलेले. मी फाटकासमोरून झपाझप निघाले होते, तेवढ्यात त्यांनी हाक न मारता नुसता हात वर केला आणि बोटानं बोलावलं. आरशात मी कधीच आले होते. मी गेले. त्यांनी आरसा माझ्या हातात दिला.

त्या छोट्या गोलात मला आधी माझाच कान दिसला. मग मैदान दिसलं. कबड्डीचं मैदान आदल्या संध्याकाळी पाणी मारून ठेवलेलं होतं आणि ते सपाट करायचा दगडी रोलर कडेला पडलेला होता. उत्तम तो ओढत होता. एरवी दोन जण लागायचे. दांडा पोटाशी धरून तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, वळला, आणि आधीच्या पट्ट्याला बरोबर लागून दुसरा पट्टा घेत परत आला. कोणी सांगितलं, मी हळूच विचारलं. मास्तर म्हणाले, कोणीच नाही, आज सहावा दिवस आहे, तोंडातून चकार शब्द काढू नका.

मी पावलं मोजू लागले. चाळिसाव्या पावलाला उत्तमनं मागं पाहिलं.

“पाहिलं त्यानं,” मी म्हटलं.

“खाली पाह्यलं. जमिनीकडं. पट्टा सरळ आला का, ते पाहून राहिला. दोन दिवस मीबी तेच्यावरच इचार केला, हे धराचं का न्हाई धराचं. न्हाई धरलं. ते त्याच्या कामासाठी हाय, आपल्यासाठी न्हाई.”

मी आरशात बघत राहिले. उत्तमचं तोंड मी जन्मल्यापासून बघत आले होते, पण ते नेहमी माझ्याकडं वळलेलं, हसणारं, व्हय म्हणणारं तोंड होतं. आरशात जो होता तो हसत नव्हता. कपाळाला आठ्या घालून, ओठ घट्ट मिटून, तो एका कामात बुडालेला बाप्या होता. त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं, की हा माझ्यापेक्षा मोठा आहे.

मास्तरांनी माझा पहिला फॉर्म खिशातून काढून दिला. ‘आहे’ आणि ‘नाही’ दोन्ही खोडून त्यांनी समासात लिहिलं होतं: व्यायामाची आवड नाही. रोलर ओढण्याची आहे. जाण्याची इच्छा आहे किंवा कसे, याचे माप घेता आले नाही. असल्या फॉर्मावर कोणतीही संस्था कोणालाही घेणार नव्हती. आणि पर्समधल्या फॉर्मावर लगेच घेणार होती.

मी पोस्टात गेले नाही. घरी आल्यावर पाकीट चुलीत घातलं. सेनगावला बाबांकरवी निरोप पाठवला, की भाऊ हिंगोलीतच बाबांजवळ राहील, पुढंमागं बाबांचं काही झालं तर माझ्याकडं येईल, चालत असेल तर सांगा. पंधरा दिवस उत्तर आलं नाही. ते दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. मग मुलगा स्वतः एस.टी.नं आला, उत्तमबरोबर मैदानावर तासभर बसला आणि चालतंय म्हणाला.

मास्तरांना मी सांगितलं, दुसऱ्याकडून सही आणली होती, पण पाकीट टाकलं नाही. ते म्हणाले, न्हाई टाकलं का. मी म्हटलं, हो. जरा वेळानं त्यांनी विचारलं, टाकलं का. मी म्हटलं, नाही. तेव्हा कुठं त्यांनी मान हलवली. सहा वर्षांत माझ्या एका वाक्यावर त्यांनी विश्वास ठेवल्याचं मला आठवतं, ते एवढंच.

लग्नानंतर सेनगावला कायमची निघाले त्या दिवशी माझी पेटी उत्तमनं डोक्यावरून स्टँडवर आणली. स्टँड शाळेसमोर, रस्ता ओलांडला की मैदानाचं फाटक. बाबा उन्हाला बसले होते. आमचे मालक तिकिटाच्या रांगेत होते. मास्तर चहाच्या टपरीशी आमच्याकडं पाठ करून उभे होते. निरोप द्यायला आलेला माणूस पाठ करून उभा राहतो, याचं मला वाईट वाटलं.

मी उत्तमला विचारलं, “मी जाऊ?”

“व्हय, ताई.”

हाच प्रश्न उलटा विचारायचा असतो, हे मला माहीत होतं. मी विचारला नाही. माझी छातीच झाली नाही.

पेटी टपावर गेली आणि उत्तमनं डोक्यावरची चुंबळ खांद्यावर टाकली. मैदानावर पाणी मारून ठेवलेलं होतं, रोलरची वेळ झाली होती. तो वळला आणि रस्त्याकडं चालू लागला. मी मनात मोजायला लागले. दहा झाली, वीस झाली. आता बघेल, आता बघेल, असं म्हणत मी मोजत राहिले आणि तो रस्ता ओलांडून फाटकातून आत गेला. एकदाही त्यानं मागं पाहिलं नाही. त्याला रोज ज्यासाठी मैदानावर नेलं होतं ते हेच होतं, हे कळत असूनही माझ्या काळजात कळ आली. मग मी गाडीकडं निघाले.

दोन महिन्यांनी माहेरी आले तेव्हा मास्तर मैदानावर होते. मी काही विचारायच्या आधीच त्यांनी वही उघडून माझ्यापुढं धरली. पानावर माझ्या निघण्याची तारीख होती आणि खाली दोन नावं. तेव्हा मला उमगलं, की टपरीशी पाठ करून उभ्या असलेल्या माणसाच्या हातात काय होतं. उत्तमच्या नावापुढं लिहिलं होतं, फाटकापर्यंत. खाली माझं नाव होतं आणि त्यापुढं, दोन.

मी म्हटलं, मास्तर, चार तरी होती. त्यांनी वही मिटली, थोडा वेळ इकडंतिकडं पाहिलं आणि मला विचारलं, “दोन व्हती का?”

मी म्हटलं, “व्हय.”